बाबांच्या कानाजवळून गेलेलं विमान

पूर्णा, रविवार, संध्याकाळ, १९७६

मी बनवलेलं छोटं बिनतारी विमान आज बाबांच्या कानाला चाटून गेलं. बोटभर आत आलं असतं तर... नको.

चूक कुठं झाली? निघताना विमान चालवायच्या हातातल्या ट्रान्समीटरचे सेल मीटरवर तपासले होते, एकूणएक भरलेले. तरी विमान वर गेल्यावर थोड्याच वेळात ट्रान्समीटर बंद पडला. दांडी कितीही वळवली तरी विमान वळेना. सरळ बांधावर बसलेल्या बाबांकडं! ते हललेसुद्धा नाहीत. त्यांना वाटलं, मी गंमत करायलोय.

आता कानाला हळद लावून बातम्या ऐकायलेत. पण महिनाभर कुजबुजणारा रेडिओ आज एवढा खणखणीत कसा?

विचारलं. बाबा म्हणाले, "तुझ्या त्या दांडीच्या डब्यातले नवे सेल घातलेत की. रेडिओतले जुने पत्र्यावर उन्हात ठिवले, लय ताजे झाले, मग तुझ्या डब्यात टाकले."

उन्हानं तापलेले सेल नुसत्या मीटरला नवेच वाटणार, भार पडला की बसणार! ट्रान्समीटर चालू ठेवून तपासायचं मला का सुचलं नाही?

आणि आत्ता पाहतो तर बाबांनी तेच जुने सेल चुलीजवळ ओळीनं मांडलेत. उद्या परत उडव म्हणतात. स्वतः बसणार बांधावरच.