हौद्यातली माती

आनंदीबाई, गुडघे कसे आहेत? रणजित, तुझे ब्लडप्रेशर? सूनबाई ऋतिका, कॉम्प्युटरपुढे बसून धरलेली मान सुटली का? पूर्णिमा, खांदा शेकतेस ना? माझी तब्येत उत्तम आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. उद्या कोणी ‘आप्पांचे डोके फिरले होते’ म्हणू नये.

मी, सोनबा म्हाळू दांगट, वय ७७, काम वस्तादकी, राहणार धायरी, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली नाही, रागात लिहीत आहे. राग माझा स्वकष्टार्जित आहे.

१. राहते घर पत्नी आनंदीबाईच्या नावे. एकेचाळीस वर्षे तिने तालमीतल्या पोरांसाठी बदाम वाटले. ‘आपली पोरे किती, लोकांची किती’ असे एकदाच विचारले, तेव्हा मी ऐकले नाही.

२. कोथरूडचा फ्लॅट मुलगा रणजित याला. तो तिथे राहतोच आहे. याउपर त्याला काही नाही. कारण लिहितो.

गेल्या श्रावणात मी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतो. तेवढ्यात याने तालमीचा हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, मशीन लावून रिकामा केला. जागा बिल्डरला दाखवायची होती. मी विचारले तर म्हणतो, “आप्पा, चाळीस वर्षांची जुनी माती, घाण झालेली. नवी आणू की दोन ब्रास.”

रणजितराव, आपण इंजिनिअर आहात. ती माती मी दरसाल ताक, हळद, तेल, लिंबू घालून मुरवत आलो, पडणाऱ्या पोराची कातडी सोलवटू नये म्हणून. तिच्यात तुझाही घाम आहे. थोडाच आहे, तू आठवडाभरच आलास.

माती माझ्या तालमीतल्या पूर्णिमाने शोधली, नदीकाठच्या राडारोड्यात. टेम्पोवाला कंटाळून म्हणाला, “ताई, माती ती माती. इथलीच भरा.” तिने मूठभर उचलून वास घेतला. “ही नाही, दादा. आमचीला ताकाचा वास येतो.” तिने आणि नऊ पोरांनी मिळून दोन दिवसांत हौदा परत भरला.

३. म्हणून तालमीची जागा, जी मी १९८३ साली स्वतःच्या कमाईने घेतली, ती पूर्णिमा बद्रीनाथ वानखडे हिला. वडील बुलढाण्याहून आलेले, येरवड्यात वॉचमन. ही दोन बस बदलून यायची आणि मी तिला दोन वर्षे दाराबाहेर बसवले. बाईमाणूस हौद्यात उतरत नाही, असे मला शिकवले होते. ती बाहेरच्या फरशीवर जोर मारत राहिली. चूक माझी. इथे नोंदवतो, म्हणजे कोणाला पुसता येणार नाही. जागा देण्याला अट एकच: येणारे पोर कोणत्या गल्लीतले, कोणाचे, हे विचारायचे नाही. वजन विचारावे.

४. तीन निवडणुका मॅट देतो म्हणून गेलेले पुढारी माझ्या फोटोला हार घालायला येतील. त्यांना दारातच वीस बैठका मारायला लावाव्यात. जमल्या तर हार आत घ्यावा. फोटो काढू देऊ नये.

५. रणजितने माझ्या मातीला यावे. अंत्यविधीला आपल्याकडे माती म्हणतात, कोथरूडला गेल्यावर विसरला असशील. हौद्यातली एक मूठ माझ्यावर टाकायचा मान मुलाचा आहे, तो मी काढून घेत नाही. मात्र ती मूठ त्याने स्वतः उचलायची नाही. पूर्णिमाकडे मागून घ्यायची, चारचौघांत, ‘ताई’ म्हणून. तिने दिली तर टाकावी. नाही दिली तर मी तसाच जाईन.

या मृत्युपत्राची एकेक प्रत वरील सर्वांना पाठवत आहे. कोणाची हरकत असेल तर मी आहे तोवर लेखी कळवावी. मेलेल्या माणसाला चितपट करण्यात कसली पैलवानकी? रणजित, फोन नको, फोनवर तू ‘बघतो’ म्हणतोस. पत्र लिही. लवकर लिही.

सही: सोनबा म्हाळू दांगट

साक्षीदार:
१) सर्जेराव बाबुराव चाकणकर (१९८९ साली मी यांना दोन मिनिटांत पाडले होते, तरी सहीला आले)
२) पोपट विठोबा लिमण

ठिकाण: धायरी, पुणे
दिनांक: ९ जानेवारी २०२५