मोटेचं चित्र

३ जुलै २००४, शनिवार

सापडलं — आणि मीच नको म्हणालो!

सूनबाई शरयूला ती शिकवते त्या चौथीच्या वर्गासाठी मोटेचं चित्र हवंय. पोरांनी विहिरीवर फक्त मोटर पाहिलेली, कवितेतली मोट त्यांना कळेना. ती कविता मी लहानपणी पाठ केलेली, म्हणून सूनबाई मला सोबत घेऊन सर्जेरावच्या इंटरनेट कॅफेत गेली. चित्र वरून खाली सावकाश उतरत आलं — आभाळ, शिंगं, विहिरीच्या धावेवरून उतरणारे दोन बैल, कातड्याची मोट. मी म्हणालो, शिंगं आपल्याकडची न्हाईत. सर्जेराव म्हणाला, "काका, कविता शिकवायची का बैल इकत घ्यायचा?"

निघताना छत्री राहिली म्हणत शरयू परत आत गेली. मी पायरीवर उभा राहून शेवटचं कडवं आठवत होतो.

१० जुलै

उंट! मोटेला उंट जुंपलेला. शरयू किती हसली.

मग हॉटेलात चहा. तिथंच तिला अख्खी कविता चालीवर म्हणून दाखवली. शेजारच्या टेबलावरचेही थांबून ऐकत होते. माझी बायको विमल गेल्यापासून इतकं सलग कुणाशी बोललो नव्हतो.

१७ जुलै

आज बैल, शिंगं, मोट — सगळं बराबर. मोटेचं पाणी पडतं ते थारोळं दिसत नाही म्हणालो.

खरं म्हणजे, चित्र मिळालं की शनिवार संपला.

२५ जुलै, रविवार

लेक केशव आज जरा तोडूनच बोलला. "अण्णा, शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती अंकुशनगरला आईकडं जायची. त्यांची नजर कमी होऊन राह्यली. चित्राचं जल्दी उरका."

हो म्हणालो. शरयू स्वतः एका शब्दानं बोलली नव्हती.

३१ जुलै

गेलो. पुन्हा नको म्हणालो.

७ ऑगस्ट

"अण्णा, निघायचं?" तिनं विचारलं, तेव्हा मी चपला घालूनच बसलो होतो.

१५ ऑगस्ट, रविवार

शरयूच्या शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो. नंतर तिचा वर्ग पाहिला. भिंतीवर मोट! तेच चित्र, पहिल्या शनिवारचं — परक्या शिंगांचे बैल, पुठ्ठ्यावर चिकटवलेले. एक कोपरा सुटून वळलेला.

बेबीनंदा नावाच्या पोरीला विचारलं, कधी लावलं?

"लई दिवस झाले, आजोबा. कविता बी पाठ झाली आमची."

आणि तिनं म्हणून दाखवली. माझ्याच चालीवर!

त्या शनिवारी ती जी छत्री आणायला परत आत गेली, ती तर माझ्याच हातात होती.

परत येताना जीपमध्ये म्हणालो, शरयू, चित्र मिळालं गं. येत्या शनिवारी आईकडं जा.

ती म्हणाली, "शनिवारी तुम्ही खुशीत असायचे, अण्णा. ते मोडवंना."

आता ती कविता तोंडात येत नाही. पहिल्याच ओळीवर अडखळतो.

२१ ऑगस्ट, शनिवार

शरयू अंकुशनगरहून परतली. आईनं तिला आवाजावरून ओळखलं म्हणे, मग तोंडावरून हात फिरवत बसली. जूनमध्ये शरयू गेली होती, तेव्हा आईनं फाटकातूनच ओळखलं होतं.