व्याह्यांसाठी पाइप

२ फेब्रुवारी, सकाळ
काल व्याही चहाला आले. तंबाखू ओढायचा त्यांचा तो लाडका पाइप बरोबर. ओढून झाला तसा टेबलावर ठेवला. नळी चांगलीच घाण. मी म्हटलं, आणा इकडे, साफ करून देतो. नळी फिरवली. ते म्हणाले, अहो गरम आहे, गार होऊ द्या. पण हळू आवाजात म्हणाले. जन्म वर्कशॉपात फिटर म्हणून गेला माझा, मला नळी काढायला शिकवतात! कट् झालं. नळी बसते ती लाकडाची मान उभी फुटली. मालच कच्चा.
व्याह्यांनी चहा अर्धा टाकला.
तिथल्या तिथे सांगून टाकलं, याच्याहून सरस पाइप माझ्या हाताने करून देतो, तुमच्या साठाव्या वाढदिवसाला. ही माझ्याकडे बघतच राहिली. कौतुकाने असावं.

४ फेब्रुवारी
लेकीचा फोन. सासरे जेवताना बोलत नाहीत म्हणे. मीठ द्या, पाणी द्या, बस. नणंद तिच्याकडे बघते, जसा काही पाइप तिनेच मोडला. म्हणाली, बाबा, नुसतं चुकलं म्हणा ना, तुमचं काय जातं? मी म्हटलं, तोंडाची वाफ दवडणं हे रिकाम्या माणसाचं काम. ज्याला हात आहेत तो वस्तू करून देतो.
लाकूड मागवलं. ब्रायर म्हणतात. झुडपाच्या मुळाशी गाठ येते, तिचं. जळत नाही लवकर. आणि एवढ्याशा गाठीचा केवढा तो भाव!

९ फेब्रुवारी
लाकूड आलं. शिकवायचा व्हिडिओ बघितला. बारा भाग. पहिला आणि शेवटचा बघितला, मधलं सगळं पाल्हाळ. बोलणारा माणूस प्रत्येक वाक्याआधी हात धुतो.
उद्यापासून काम. घाई नाही करायची. शांतपणे.

९ फेब्रुवारी, दुपार
बसवेना. ड्रिल काढलं. तंबाखूचं भोक वरून, धुराचं भोक बाजूने, दोन्ही खाली अचूक भेटायला हवीत. भेटली. जवळजवळ. तंबाखूचं भोक जरा डावीकडे सरकलं. आता एक भिंत जाड, एक पातळ. जाड बाजू हाताला. चटका लागणार नाही. हे कंपनीवाल्यांना सुचलं नाही अजून.

१७ फेब्रुवारी
कानस चालू. ही म्हणाली, अहो, पिठात भुसा आहे. मी म्हटलं, चाळ. म्हणाली, तुम्हालाच चाळायला हवं. बाल्कनीत गेलो. बाल्कनीतून जिन्यात. जिन्यातून शेजारच्या आजोबांनी हाकललं.
गुळगुळीत काही होत नाही. एक ओरखडा काढला की दोन येतात. पॉलिश पेपरचे सहा नंबर लागतात म्हणे. मी एकच आणला. जाडा.

२२ फेब्रुवारी
तोड सापडली. सँडब्लास्टिंग! हवेच्या दाबाने बारीक रेती मारायची. लाकडाचा मऊ भाग उडतो, कडक रेषा उभ्या राहतात. खडबडीत नक्षी. ओरखडे गायब. गुळगुळीत पाइप कुणीही करतं. मुळात माझ्या डोक्यात हेच होतं.
कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे मशीन आहे, चाकांच्या रिमचा गंज काढायचं. उद्या जातो.

२३ फेब्रुवारी
गॅरेजवाला म्हणाला, काका, हे रिमचं प्रेशर आहे, कमी करून देतो, दहा मिनिटं बसा. बसतो कोण! शिवाय मानेला आणि भोकांना आधी टेप लावा म्हणाला. टेप आणायला आत गेला, तेवढ्यात मी ट्रिगर दाबला.
नक्षी काय उठली! डोंगरउतारावरच्या पायवाटांसारखी. मलाच खरं वाटेना. म्हणून आणखी थोडं मारलं. मग दुसरी बाजू सारखी दिसावी म्हणून तिकडे. मग पहिली फिकी वाटली.
गॅरेजवाला टेप घेऊन आला आणि म्हणाला, काका, पाइप कुठंय? हातातच होता.

२४ फेब्रुवारी
आकार नाजूक झालाय. मानही झिजली, नळी आता घरंगळते. दोरा गुंडाळून बसवली. घट्ट. हललं नाही म्हणजे झालं.

६ मार्च
आत टॉर्च धरला तर पातळ बाजूने उजेड दिसतो. भुसा आणि डिंक भरला. वरून काळा रंग. आता दिसत नाही. मला तरी.
ही म्हणाली, एकदा ओढून तरी बघा. मी म्हटलं, द्यायची वस्तू कुणी उष्टी करतं का?
तर ही म्हणते, मी दुकानातून एक चांगला आणते, तुम्हीच केला म्हणून सांगू, पोरीचा जीव तरी भांड्यात पडेल. एवढा अपमान वर्कशॉपात सुद्धा नाही झाला. जेवलो नाही. मग जेवलो.

१३ मार्च
लेकीचा फोन. उद्या नीट वागा बाबा, म्हणाली. आवाज बारीक होता. मुद्दाम विचारलं, सासरे अजून तसेच? म्हणाली, तसेच.
हातांना चैन नाही. पाइप चार वेळा पुसला. रंग थोडा हाताला येतो.

१४ मार्च
वाढदिवस. सगळ्यांसमोर डबी उघडून दिली. व्याही चष्मा लावून बघत राहिले. म्हणाले, तुम्ही स्वतः? मी म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लगेच ओढून बघा म्हटलं. ते म्हणाले, आत्ता? मी म्हटलं, आत्ता.
तंबाखू भरला, पेटवला. पहिला झुरका उत्तम. दुसरा उत्तम. तिसऱ्याला डिंकाचा वास. चौथ्याला पाइपच्या कुशीतून निखारा बाहेर आला आणि सरळ मांडीवर पडला. नवी पँट.
व्याही उभे राहून नाचले. विहीणबाईंनी सरबताचा अख्खा जग ओतला. लेकीने डोळे मिटून घेतले.
व्याह्यांनी पाइप वर धरला. त्या भोकातून माझ्याकडे बघितलं. आणि हसायला लागले. हसता हसता खाली बसले, चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसले. मग विहीणबाई. नणंद. ही सुद्धा. लेक हसता हसता रडत होती.
एवढं काय होतं हसण्यासारखं?

१७ मार्च
लेकीचा फोन. आवाज मोकळा. सासरे जेवताना बोलतात म्हणाली, थांबतच नाहीत. येईल त्याला तोच किस्सा, पँटसकट. पाइप दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवलाय.
मी म्हटलं, बघ, कदर असलेला माणूस. ठेवलाय कसा?
म्हणाली, भोक पुढे करून.
मी म्हटलं, अगं, चांगली नक्षी दुसऱ्या बाजूला आहे. फिरवून ठेव.
म्हणाली, ठेवला होता बाबा. त्यांनी परत फिरवला.