डोळ्यासाठी कौल

माघ वद्य पंचमी, मंगळवार

माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं की नाही, याचा आज देवीला कौल लावला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. पाकळ्या पडेनात.

मुलगा शाळेत मास्तर. म्हणाला, "काका, पाकळी सुकली काय पडतली. तेच्यात देव खंय इलो?"

दीर शांतपणे म्हणाले, "तू शिकलेलो, तुका मी खोटो म्हणणंय नाय. पण डोळो गेलो तर तू परत देतलंस?"

"नाय. पण तसोच ठेवलो तरी जातलो."

दोघांचं बोलणं इतकं अदबीचं, की भांडले असते तर बरं वाटलं असतं. मी आपली एका डोळ्याने त्या उजव्या पाकळीकडे बघत बसले.

पडली. उजवीच. मास्तर लगेच, "बगा काका, देवीन होय म्हटल्यान." आणि दीर म्हणतात, गुरवाने उजवीकडे पाणी कमी लावलं.

मी म्हटलं, "आता तू देव धरलंस आणि भावोजींनी शास्त्र. माका कोण धरतलो?"

उद्या जाते. डावी पडली असती तरी गेले असते का? कुणी विचारलं नाही, ते बरं झालं.