सांबरासमोरचा बाक

७ जानेवारी २०१८, रविवार
बाक काढलाय!

प्राणी-उद्यानातला, सांबराच्या कुंपणासमोरचा, झाडाखालचा; दर रविवारी आम्ही बसायचो तो. त्या जागी आता प्लास्टिकचा जिराफ, आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला ही रांग. तलासरीच्या जंगलात जिराफ कुठून आला देव जाणे. अण्णा काठी टेकून उभेच राहिले. माझे सासरे कधी कशाची तक्रार करत नाहीत. आज म्हणाले, "जरा वेळ बसलो असतो." एवढंच.

फाटकावरच्या शुक्राला विचारलं. "नवीन ठेकेदार आलाय ताई. बसलेली माणसं उठत नाय, बोलतो."

तसेच गाडीत बसून चिखल्याला घरी परतलो.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळाचे लाडू नेले होते. डबा फाटकावरच काढून घेतला. आत कॅन्टीन आहे म्हणे.

२८ जानेवारी
आता पायी फिरायलाही बंदी. बॅटरीच्या गाडीत बसायचं, ती नेईल तिकडे बघायचं. वर भोंग्यावर सिनेमाची गाणी! मोर दिसला नाही, दिसेल कसा? सांबर कोपऱ्यात तोंड फिरवून उभं होतं.

अण्णा म्हणाले, "थांबव रे जरा."

"थांबायची परमिशन नाही, काका."

पुढे गेलो.

२९ जानेवारी
एका बाकासाठी एवढी चिडचिड? सकाळपासून स्वतःलाच विचारतेय.

बाकासाठी नाहीच. हायवेवरच्या त्या अपघातात विपुल गेला, तेव्हापासून या घरात त्याचं नाव निघत नाही. जेवताना मी आणि अण्णा आमटीतल्या मिठाबद्दल बोलतो, वाडीतल्या चिकूच्या दराबद्दल बोलतो. स्वयंपाकाला येणारी बारकीसुद्धा भिंतीवरच्या फोटोकडे न बघता झाडू मारते. पण त्या बाकावर बसलं की अण्णा आपोआप सुरू व्हायचे. विपुल शाळा बुडवून खाडीवर कसा जायचा. खेकडा चावला तेव्हा कसा ओरडला. लग्नाआधीचा माझा नवरा — मला ठाऊकच नसलेला! सांबर रवंथ करत बसायचं, अण्णा त्याच्याकडे बघत बोलायचे, मी ऐकायचे. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागायचं नाही.

गाडीत कसं बोलणार? तेही त्या गाण्यांत?

११ फेब्रुवारी
मॅनेजरला भेटलो. तरुण आहे, अदबीने बोलला. "मॅडम, लोकांना आता ॲक्टिव्हिटी लागते. नुसते प्राणी बघायला कोण येतं?"

"आम्ही येतो," अण्णा मागून म्हणाले.

तो हसला. जाताना आम्हाला दोन कूपनं दिली — दोरीला लटकून तळ्यावरून जायची! अण्णांना! मी ती तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकली.

१८ फेब्रुवारी
आज नको तेच झालं.

सांबर अगदी जवळ आलं होतं. मला काही कळायच्या आत अण्णांनी चालत्या गाडीतून पाय खाली टाकला. पडलेच. बायका किंचाळल्या, ड्रायव्हरने शिट्टी फुंकली आणि सांबर उधळलं ते थेट पलीकडच्या जाळीवर आदळलं. शुक्रा धावत आला, अण्णांना दोन्ही हातांनी उचलून बसवलं. गुडघा फुटलाय. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं.

अण्णा एकच विचारत होते, "त्याला लागलं का रे?"

"नाय लागलं, अण्णा. तुम्ही घरी जा आता." शुक्राचा आवाज फार मऊ होता. तेच मला सहन झालं नाही.

घराच्या दारात गाडी थांबवली तेव्हा अण्णा म्हणाले, "पुढल्या रविवारी नको."

२५ फेब्रुवारी
कुठे गेलो नाही. गुडघ्याची पट्टी बदलली.

४ मार्च
रविवार. टीव्ही. आमटीत मीठ बरोबर होतं.

११ मार्च
तेच.

१३ मार्च
वाडीत चिकू निवडत होतो. अण्णा हातातल्या चिकूकडे बघत एकदम म्हणाले, "विपुलबद्दल माझं सगळं सांगून झालंय, नूतन. बाक असता तरी पुन्हा तेच सांगितलं असतं." तो चिकू टोपलीत टाकला. मग — "तू ठाण्याला बहिणीकडे जा. नोकरी बघ. कुणी आवडला तर लग्न कर. माझ्याकडे बघायला बारकी आहे."

मला रडू यायला हवं होतं. नाही नाही म्हणायला हवं होतं.

मी विचारलं, "कधी जाऊ?"