डब्यातले अकरा हजार

पारोळा
२० जुलै २०२५

प्रिय अक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? धुळ्यात पाऊस आहे का? इकडे आम्ही ठीक.

बँकेतून निवृत्त झालो, पण स्वस्थ बसवेना. दर शनिवारी शाळेत आयांना आणि मुलांना पैशाचं शिकवतो. खर्च कसा लिहावा, बचत कुठे करावी, सही करण्याआधी काय वाचावं. तू हसशील. बोलायला मिळालं की मला थांबता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक!

वर्गात मंदाबाई येते. निंदणी करून, कापूस वेचून तिने उडदाच्या डब्यात अकरा हजार साठवले होते, लेक डिंपलच्या नर्सिंगच्या फीसाठी. "डब्यात कसले ठेवता? बँकेत ठेवा," मी ठासून सांगितलं. खात्याचा फॉर्मही मीच भरला. तिच्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून नवऱ्याचा, सुपडूचा नंबर टाकला. पैसे जमा झाले आणि मेसेज वाजला तो सुपडूच्या खिशात. त्याने तिला बँकेत नेऊन पैसे काढायला लावले. आठवड्यात दारात जुनी मोटारसायकल उभी.

"नाना, डबाच बरा व्हता," ती मला म्हणाली. "तो कोनले सांगस नही."

मी भर वर्गात तिची माफी मागितली. डिंपलची फी भरली. मंदाबाई महिन्याला पाचशे फेडणार आहे, नको म्हटलं तरी ऐकेना. तिला साधा फोन घेऊन दिला आणि दोघांनी बँकेत जाऊन नंबर बदलला.

घरी आलो आणि तू आठवलीस. एकोणनव्वद साली तूही माझ्याच शाखेत शिवणकामाचे पैसे जमवत होतीस, डी.एड.साठी. आणि मी पंगतीत दाजींना फुशारकीने सांगितलं, "अक्काचे तीन हजार झाले!" त्या पैशांचा टीव्ही आला. तुझं डी.एड. राहिलं. तेव्हापासून तुझी राखी टपालाने येते.

मंदाबाईची माफी मी कळल्यावर चार दिवसांत मागितली. तुझी छत्तीस वर्षांत नाही. तू शिक्षिका झाली असतीस, अक्का. माझ्यामुळे झाली नाहीस. चुकलो.

यंदा राखी टपालात टाकू नकोस. मी धुळ्याला येतो. बांधायची की दारातूनच परत पाठवायचं, ते तू ठरव.

तुझा, तोंडात तीळ न भिजणारा,
पंडित