साठलेली रजा

ग्वेल्फ,
११ फेब्रुवारी २००७

ती. उमाताईस,

राजनचा नमस्कार. आई, आप्पा बरे असतील. इकडं मी बरा, शोभाआत्या बरी. थंडी म्हणशील तर श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात. आत्या म्हणते, ही काहीच नाही, ती सत्तर साली आली तेव्हा खरी थंडी होती. तिचं सगळंच सत्तर साली खरं होतं.

तुझं पत्र पोचलं. तारीख धरली, वैशाखातली, अधिक महिना लागायच्या आधीची. माझ्यासाठी दोनदा पुढं ढकलली, आता ढकलणार नाही, असं लिहिलंस. बरोबर आहे तुझं. जयदीप दाजींनी तरी किती थांबायचं.

आधी चांगलं सांगतो. वर्षातनं एकदा युनिव्हर्सिटी कामगारांना जेवण देते आणि ज्यांचं काम चांगलं त्यांना उभं करून टाळ्या वाजवते. यंदा मला उभं केलं. शाळेतही करायचे, पण बाकावर. मी लागल्यापासून एकदाही गैरहजर नाही, हक्काची सुट्टीसुद्धा घेतली नाही, म्हणून कोटाला लावायची पिन दिली. मला कोट नाही, स्वेटरला लावली. आत्याला रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी तिला पुढच्या टेबलावर बसवतात. ती ज्या बिल्डिंगीत शिकवायची तिथली फरशी मी पुसतो. तिला त्याचं काही वाटत नाही. तिच्या मैत्रिणींना वाटतं.

कायम कामगार झाल्यापासून पगाराशिवायही बरंच मिळतं. गॅरेजमध्ये पाना लागून तुटलेला माझा पुढचा दात आठवतो ना? तो बसवला. डॉक्टरचं बिल युनिव्हर्सिटीनं भरलं. यंदा महागाई वाढली म्हणून पगारातही थोडी भर घातली. आईला सांग, आता हसलो तर चांगला दिसतो.

आता दुसरं. फ्रँका म्हणून बाई आहे आमच्यात, इटलीची, आईच्या वयाची. मला काम तिनं शिकवलं. फरशीचं मशीन पहिल्या दिवशी मला रेड्यासारखं ओढत भिंतीवर घेऊन गेलं, तेव्हा हसली नाही अशी ती एकटीच. तिला कॅन्सर झालाय. तिची आजारपणाची रजा संपली. आमच्या युनियनमध्ये अशी रीत आहे की बाकीच्यांनी आपले सुट्टीचे दिवस काढून द्यायचे, म्हणजे माणूस घरी असला तरी पगार चालू राहतो. कुणी एक दिला, कुणी दोन. माझ्याकडं साठलेले होते. मी सगळे दिले.

तेव्हा यंदा माझं येणं होत नाही. असं काम असताना नाही म्हणता येत नाही, तू समजून घेशील. दाजींचा कान पिळायला मामाचा अनिश आहेच. त्याची बोटंही माझ्यापेक्षा मऊ.

आप्पांना सांग अगर नको सांगू, तुझं तू बघ.

तुझा
राजन


ग्वेल्फ,
२ एप्रिल २००७

ती. उमाताईस,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. ‘तुझं पोचलं. अनिशनं कान पिळायचा नवीन ड्रेस शिवलाय, तेव्हा काळजी नसावी.’ चार वेळा वाचलं. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

फ्रँका गेली. मार्च लागला आणि आठवड्यात गेली. दिलेले दिवस तिला पुरे वापरायलाही मिळाले नाहीत. चर्चमध्ये आम्ही सगळे कामाचे शर्ट घालून गेलो होतो. तिचा नवरा आल्दो दारात उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘जेवून जा’ म्हणत होता.

त्यानंतर दोन दिवसांनी आमच्या सुपरवायझर बाईनं मला बोलावलं. उरलेले दिवस ज्याचे त्याला परत मिळतात, म्हणाली. माझे जवळजवळ सगळेच परत आले. ‘तुझ्या बहिणीचं लग्न आहे ना? जाऊन ये.’

ताई, ही गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. दिवस परत मिळाल्यानंतरच्या फोनवर आई रडत होती, मागं तू भांडी घासत होतीस, आणि मी म्हणालो, रजाच नाही तर काय करू. तेव्हा रजा माझ्याकडं होती.

आत्याला सांगितलं नव्हतं, पण तिला या युनिव्हर्सिटीत सगळं कळतं. परवा चहा घेताना म्हणाली, ‘अरे गाढवा, रजा म्हणजे काय लोणचं आहे का मुरवायला? तुमच्या युनियनच्या लोकांनी भांडून मिळवलीय ती. युज कर, नाहीतर सरळ सांग की जायचं नाही.’ मग तिनं कप विसळला आणि म्हणाली, ‘मी माझ्या आईच्या वेळी गेले नव्हते. एक्स्पेरिमेंट चालू होता. कसला होता ते आता आठवतही नाही.’ आणि वर गेली. मी खाली बेसमेंटमधल्या माझ्या खोलीत आलो.

तुला खरं लिहितो. मी दिवस दिले ते फ्रँकासाठी दिले, हे खोटं नाही. पण देताना हलकं वाटलं. बरं झालं, आता जावं लागणार नाही, असं वाटलं.

तू आठवून बघ. होस्टेलवरनं दिवाळीला आलो, परत गेलो नाही. गॅरेजमधनं जत्रेला आलो, परत गेलो नाही. पनवेलच्या हॉटेलातनं आजी गेली म्हणून आलो, तेव्हाही नाही. काम सोडायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. सुट्टीवर यायचो, आई ताट वाढायची, तू म्हणायचीस ‘राहा की दोन दिवस’, आणि मला तेवढंच पुरायचं. दर वेळी आप्पा टेम्पो काढून गेले आणि माझी ट्रंक घेऊन आले. एका शब्दानं कधी बोलले नाहीत. ट्रंक ओट्यावर ठेवायचे आणि हात धुवायला जायचे. विमानतळावर मात्र म्हणाले, ‘इथनं पुढं टेम्पो जात नाही, राजा.’

म्हणून मी सुट्टी घेत नव्हतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्यात कष्ट कसले, नुसती भीती होती. एक दिवस जरी घरी बसलो तरी दुसऱ्या दिवशी उठणार नाही अशी.

हे फ्रँकाला न सांगता कळलं होतं. युनिव्हर्सिटीच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी पिन दाखवायला तिच्या घरी गेलो होतो. डोक्याला रुमाल बांधून सोफ्यावर बसली होती. पिन हातात घेतली, उलटी करून बघितली, परत दिली. म्हणाली, ‘पळायचं नाही म्हणून खांबाला बांधून घेतलंस. बरं केलंस. पण खांबाजवळ किती दिवस बसणार?’

मग मला खिडकीशी नेलं. मागच्या अंगणात बर्फाखाली उंचवटा दिसतो, ते तिचं अंजिराचं झाड. इथल्या थंडीत अंजीर जगत नाही. म्हणून ही माणसं दिवाळीच्या सुमाराला एका बाजूची मुळं कापून झाड हळूहळू आडवं करतात, खड्ड्यात निजवतात, वर फळ्या, जुनी सतरंजी आणि माती घालतात. आणि मेमध्ये परत उभं करतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. म्हणलं, आमच्या सासवडला या, आमचं अंजीर बारा महिने उभं असतं, मेलं तरी आडवं होत नाही. फ्रँकाला ते पटलं नाही. गेल्या नोव्हेंबरात तिला वाकवेना आणि आल्दोचे गुडघे गेलेले. मुलगा विंडसरला, येतो सणाला. मग मीच निजवलं. ती खुर्चीत बसून ओरडत होती, हळू, हळू, मोडशील.

त्या दिवशी खिडकीतनं म्हणाली, ‘ज्यानं निजवलं त्यानंच उठवायचं. कुठली मुळं कापलीस ते तुलाच ठाऊक. कुठं जायचं तिथं जा. पण मेमध्ये मला झाड उभं हवं.’ मी हो म्हणलं. तिलाही माहीत होतं, ती नसणार मेमध्ये. मलाही.

नोव्हेंबरात मी मुळांवर माती ओढली आणि निघून आलो, तेवढ्यानं माझं काम झालं असं वाटलं होतं. पण गेले पंधरा दिवस कामावरून येताना वाट वाकडी करून आल्दोच्या अंगणात जाऊन बघतो. बर्फ गेलाय. फळ्या दिसायला लागल्यात. आल्दो खिडकीतनं बघतो आणि बोटानं ‘अजून नाही’ अशी खूण करतो.

ताई, काल मी रजा मागितली. पहिल्यांदा मागितली. सुपरवायझर बाईला खरं वाटेना, परत विचारलं तिनं. लग्नाच्या आदल्या दिवशी पोचतो. थंडी संपायच्या आत निघतो आणि मेच्या मध्यात परत. त्यानंतर उशीर केला तर झाड मातीत कुजतं.

अनिशचा ड्रेस वाया जाऊ देऊ नकोस, अक्षता वाटायला उभा कर त्याला. कान मीच पिळणार. दाजींना सांग, हात फरशी पुसून राठ झालेत, तयारीत राहा.

पिन आप्पांसाठी आणतो. काय म्हणून दिली ते त्यांना तू सांग, माझ्यानं होणार नाही. आणि भीतीचं काही सांगू नकोस.

आता एक मागतो. तुझ्याकडं मी कधी काही मागितलं नाही, न मागताच घेत आलो. मी निघेन त्या सकाळी मला ‘राहा की दोन दिवस’ म्हणू नकोस. आई म्हणायला लागली तर तिला आत ने. तुझ्या तोंडातनं ते निघालं तर मी राहीन, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तू सासरी जायच्या घाईत असशील, रडायलाही आलेलं असेल, तरी तेवढं एक गिळून टाक.

आप्पांना सांग, टेम्पो वऱ्हाडासाठी ठेवा. ट्रंक मी इथंच ठेवून येतोय.

तुझा, येणारा आणि परत जाणारा भाऊ,
राजन